फ्लाइट सिम्युलेटर २००४: ठाणे खाडी ओलांडून पुण्यापर्यंतचं खरं उड्डाण

राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला शंभर वर्षं होत असताना, जुलै २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘फ्लाइट सिम्युलेटर २००४’ हा विमान उडवण्याचा संगणक-खेळ बाजारात आणला. चार सीडी आणि चोवीस विमानं. आज तो सुरू केला की चित्रं जुनाट वाटतात. जमीन म्हणजे शेत, जंगल, वस्ती अशा ठरावीक नमुन्यांचे तुकडे एकमेकांना जोडलेले. त्यात घोडबंदर रोड किंवा पाम बीच रोड शोधायला जाऊ नये.

या खेळाचा खरेपणा चित्रांत नाही, आकड्यांत आहे. हवेचा दाब बदलला की उंचीमापक चुकतो. तापमान वाढलं की धावपट्टी अपुरी पडू लागते. वारा वाहतो तिकडे विमान सरकतं. हे सगळं तो मोजतो, आणि घरच्या संगणकावर शिकण्यापुरतं पुरेसं बरोबर मोजतो. मात्र नवख्यांसाठी दिलेल्या सवलती बंद केल्याशिवाय यातलं काही जाणवत नाही. म्हणून हा लेख: यंत्र कसं उभं करायचं, सेटिंगमधल्या कोणत्या खुणा चालू-बंद करायच्या, आणि मुंबई विमानतळावरून नवी मुंबई, राजमाची करत पुण्याला सेस्ना, म्हणजे एका इंजिनाचं छोटं विमान, कसं न्यायचं.

यंत्र

मूळ सीडींवर सेफडिस्क नावाची कॉपीविरोधी व्यवस्था आहे आणि विंडोज १० मध्ये तिचा ड्रायव्हरच नाही. त्यामुळे मूळ सीडीवरचा खेळ नव्या लॅपटॉपवर सुरूच होत नाही. सरळ उपाय म्हणजे विंडोज एक्सपीचा जुना डेस्कटॉप, तोही इंटरनेटला न जोडलेला. हा खेळ बहुतेक काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर करतो. त्यामुळे कोअर किती यापेक्षा गिगाहर्ट्झ किती हे बघा. तीन गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ चालतो, कोअर २ ड्युओ असेल तर उत्तम. रॅम १ ते २ जीबी, आणि १२८ एमबी किंवा जास्त मेमरीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड.

असं यंत्र ठाण्यात एखाद्या सोसायटीच्या अडगळीत सापडू शकतं. सुटे भाग लागले तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोड गाठा. घेण्याआधी झाकण उघडून मदरबोर्डवरचे कपॅसिटर पाहा. त्या काळातल्या अनेक बोर्डांवरचे कपॅसिटर फुगतात किंवा गळतात. माथा सपाट नसून वर आलेला दिसला तर तो बोर्ड घेऊ नका. पॉवर सप्लायच्या मागे लाल स्विच असेल तर तो २३० वर आहे ना, हे वायर लावण्याआधी बघा. ११५ वर राहिला तर पहिल्याच क्षणी सप्लाय जळतो. बोर्डवरचा सीआर २०३२ सेल न विचारता बदला. तो संपलेला असला की संगणकाची तारीख मागे जाते. खेळ वेळ आणि ऋतू तिथूनच उचलतो, मग भर दुपारी सुरू केलेल्या खेळात रात्र दिसते.

खाडीकाठच्या हवेत दोन-तीन पावसाळे बंद पडून राहिलेल्या जॉयस्टिकचा संकेत थरथरतो. आतल्या पोटेन्शिओमीटरचा, म्हणजे दांड्याची जागा मोजणाऱ्या भागाचा, पट्टा मळलेला असतो. त्यावर इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा, दांडा पंचवीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि पूर्ण सुकू द्या. गंज काढायचं तेल वापरू नका, त्यावर धूळ चिकटते. नंतर कंट्रोल पॅनेलमध्ये गेम कंट्रोलर्स उघडून कॅलिब्रेशन करा. जॉयस्टिकचा दांडा पिळता येणारा हवा, कारण रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची उभी फळी, त्यावरच चालवायचा आहे.

खेळ बसवल्यावर ९.१ हा अधिकृत सुधारित भाग चढवा. मग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेटची मर्यादा २५ किंवा ३० वर बांधा. मर्यादा उघडी ठेवली तर आकडा मोठा दिसतो, पण जमिनीची चित्रं वेळेवर भरत नाहीत आणि खाली सगळं धूसर राहतं. सेटिंग कधी इतकी बिघडली की खेळ सुरूच होत नाही, तर एफएस९ नावाची कॉन्फिगरेशन फाइल पुसा. पुढच्या वेळी खेळ ती नव्याने लिहितो.

खरेपणाच्या खुणा

रिअॅलिझमचा पडदा उघडा. वर पाच पट्ट्या आहेत: जनरल, पी-फॅक्टर, टॉर्क, जायरो आणि क्रॅश टॉलरन्स. पहिल्या चार पूर्ण उजवीकडे न्या. पी-फॅक्टर (पंख्याची असमान ओढ) आणि टॉर्क (इंजिनाचा उलटा पीळ) यांमुळे पूर्ण ताकदीवर एक इंजिनाचं विमान डावीकडे ओढतं. डावीकडेच ठेवलेल्या पट्ट्यांसह शिकलेल्याला उजव्या पायाचं, म्हणजे उजव्या रडरचं, काम कधी कळतच नाही.

ऑटोरडर बंद. ऑटोमिक्श्चर बंद, म्हणजे इंधन आणि हवेचं मिश्रण आपण हाताने ठरवायचं. अमर्याद इंधन बंद. जायरो ड्रिफ्ट, म्हणजे दिशादर्शकाचं हळूहळू सरकणं, चालू. इंजिनावरच्या ताणाने नुकसान होऊ दे, विमानावरच्या ताणानेही होऊ दे. वेगाच्या काट्यावर ‘इंडिकेटेड’ निवडा, ‘ट्रू’ नको. ही शेवटची खूण सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. खऱ्या सेस्नाचा काटा हवेचा दाब मोजतो, त्यामुळे उंचीवर तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो, साधारण दर हजार फुटांना दोन टक्के. विमान कोणत्या वेगाला स्टॉल होईल, म्हणजे पंखांची उचल तुटेल, ते काट्यावरच्या वेगावर ठरतं. तिथे ‘ट्रू’ ठेवला तर उंचीवरच्या विमानतळावर उतरताना सगळे आकडे खोटे ठरतात.

जॉयस्टिकच्या संवेदनशीलतेच्या पडद्यात मधला मृत भाग अगदी कमी ठेवा. तो जास्त असला की दांडा थोडा हलवूनही काही होत नाही, मग एकदम जास्त होतं, आणि विमान सतत वरखाली डोलत राहतं. बहुतेकांना ‘सेस्ना सरळ उडत नाही’ असं वाटतं त्याचं कारण हे, किंवा ट्रिम (दांड्यावरचा जोर काढून घेणारी सोय) न वापरणं. नंबरपॅडवरच्या ७ ने नाक खाली, १ ने वर. वेग जॉयस्टिकने धरायचा आणि हातावरचा जोर ट्रिमने काढून टाकायचा. हात सोडल्यावर विमान तसंच उडत राहिलं तर ट्रिम बरोबर बसला.

विमान आणि त्याचे आकडे

सेस्ना १७२एसपी निवडा. लायकमिंगचं १८० अश्वशक्तीचं इंजिन, कमाल वजन २,५५० पौंड. इंजिन फ्युएल इंजेक्शनचं आहे, तेव्हा कार्ब हीटची (कार्ब्युरेटर गोठू नये म्हणून असते ती) दांडी शोधू नका. हे आकडे कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा:

धावपट्टीवरून नाक उचलणं ५५ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल). सर्वांत चांगली चढण ७४ नॉट. इंजिन बंद पडल्यावर घसरण ६८ नॉट. पहिला फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली झुकणारी पट्टी) ११० च्या खाली, पुढचे ८५ च्या खाली. पूर्ण फ्लॅपसह स्टॉल ४०, फ्लॅपशिवाय ४८. शांत हवेत १६३ ही कमाल मर्यादा, आणि हवा खडबडीत असेल तर १२९ च्या वर जायचं नाही.

इंधन आणि वजनाच्या पडद्यात टाक्या गच्च भरू नका. हे उड्डाण पाऊण तासाच्या आसपासचं आहे. ताशी दहा गॅलन धरून प्रवासाला आठ, पाऊण तासाच्या राखीवाला आठ, जमिनीवरच्या चालण्याला दीड. २५ गॅलन भरले तर भरपूर झाले. समोरच्या दोन्ही जागांवर १७० पौंडांची माणसं बसवा. एकट्या पायलटचं हलकं विमान आणि भरलेलं विमान यांच्या चढणीतला फरक खेळात स्पष्ट जाणवतो.

मार्ग

मुंबईहून पुण्याच्या लोहगाव विमानतळाचं सरळ अंतर ६७ नॉटिकल मैल, दिशा ११७ अंश. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरं उत्तर यांत जवळजवळ फरक नाही, म्हणून होकायंत्रावरही ११७ च धरायचे.

ही रेषा ठाणे खाडी ओलांडून नेरुळवरून जाते आणि १३ मैलांवर थेट उलव्याच्या नव्या विमानतळाच्या जागेवरून निघते. खेळ २००३ चा असल्याने तिथे धावपट्टी नाही. पुढे पनवेल डावीकडे दीड मैलाच्या आत, माथेरान डावीकडे साधारण पाच मैलांवर, कर्जत डावीकडे अडीच मैलांवर. ३४ मैलांवर, म्हणजे बरोबर अर्ध्यात, राजमाची. लोणावळा तिथून उजवीकडे साधारण पाच मैल.

या मार्गावर पूर्वेकडे जाताना ५,५०० किंवा ७,५०० फूट उंची घेता येते. नकाशात ५,५०० पुरेसे दिसतात, पण घ्यायचे ७,५००, आणि कारण घाट. इंजिन बंद पडलं तर ही सेस्ना दर हजार फुटांमागे दीड मैल घसरत जाते. घाटमाथा तीन हजार फूट धरला तर ५,५०० वरून हातात अडीच हजार फूट, म्हणजे पावणेचार मैल. त्यात लोणावळाही येत नाही. ७,५०० वरून पावणेसात मैल मिळतात. त्यात लोणावळ्याचं पठार येतं, आणि मागे वळलं तर कर्जतचं सपाट खोरंही.

इथे खेळाची एक उणीव लक्षात ठेवायला हवी. अमेरिकेबाहेरच्या बहुतेक जमिनीची उंची तो किलोमीटरभराच्या ढोबळ जाळीवरून काढतो. सह्याद्रीचा कडा त्यामुळे गोलसर उतारासारखा दिसतो, सुळके तर नाहीतच. खिडकीतून बघून ‘वर जागा आहे’ असं ठरवू नका. उंची खऱ्या नकाशाची धरा. खेळातला एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकही डोंगरांचा विचार न करता खाली बोलावतो, तेव्हा घाटात त्याच्या सांगण्यावर उतरायचं नाही.

पहिलं उड्डाण: डिसेंबरची सकाळ

हवामान स्वतः भरा. वारा शून्य, दृश्यमानता १० मैल, तापमान २५ अंश. दाबासाठी मुंबईचा त्या दिवसाचा मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, पाहा. भारतात तो हेक्टोपास्कलमध्ये असतो, सेस्नाच्या उंचीमापकावर इंच आहेत. हेक्टोपास्कलला ०.०२९५३ ने गुणा. १०१३ चे २९.९१ होतात. बी हे बटण दाबलं की खेळ आपोआप दाब लावून देतो. ते विसरून जा आणि उंचीमापकाचं चाक हाताने फिरवा.

धावपट्टी २७, म्हणजे २७० अंशांकडे तोंड असलेली. इंजिन पूर्ण ताकदीवर नेताना थ्रॉटल तीन-चार सेकंद घेऊन पुढे सारा आणि उजवा रडर त्याच हाताबरोबर वाढवा. एकदम ढकलला तर विमान डाव्या गवतात जातं. ५५ ला नाक उचला, ७४ धरा. हजार फुटांपर्यंत सरळ समुद्राकडे, मग डावं वळण घेऊन विमानतळालगतच्या मुंबई व्हीओआरवर, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्रावर, परत या. वळणाचा दर सेकंदाला तीन अंश, वळणदर्शकावरच्या खुणेला पंख टेकवून. व्हीओआरची फ्रिक्वेन्सी खेळातल्या नकाशावर त्या चिन्हावर क्लिक केली की मिळते. तीच लावा, आजची नव्हे, कारण खेळातली माहिती २००३ ची आहे. ओबीएसवर, म्हणजे व्हीओआरची दिशा निवडायच्या चाकावर, ११७ लावा. व्हीओआर ओलांडताच उपकरणावरचा झेंडा ‘टू’ वरून ‘फ्रॉम’ वर पडेल. त्याच क्षणी घड्याळ सुरू करा. जीपीएस बंदच ठेवा.

तीन हजार फुटांच्या वर मिक्श्चरची दांडी मागे घ्यायला, म्हणजे इंधन कमी करायला, लागा. आरपीएम आधी वाढतो, मग पडायला लागतो. पडायला लागला की किंचित पुढे. ७,५०० वर सरळ झाल्यावर २,५०० आरपीएमच्या जवळ ठेवा, आणि एक्झॉस्ट तापमानाचा काटा शिखरावर जाऊ देऊन तिथून ५० फॅरनहाइट समृद्ध, म्हणजे जास्त इंधनाच्या, बाजूला आणा. काट्यावर १०० नॉट दिसतील, खरा वेग ११५ च्या आसपास. मिक्श्चरला हात न लावता इतक्या वर आलं तर इंजिन रखडतं आणि इंधनाचा हिशोब चुकतो. लोक दोष खेळाला देतात, दोष दांडीचा असतो.

दर पंधरा मिनिटांनी दिशादर्शक चुंबकीय होकायंत्राशी जुळवा. डी दाबून जुळतो, पण होकायंत्र स्थिर असताना, म्हणजे वळणात नव्हे. दिशादर्शकातला जायरो सरकतो ही खऱ्या विमानातलीही गोष्ट आहे. ती विसरली की घाटात पोचेपर्यंत चार-पाच अंशांची चूक जमते.

डीएमईवर, म्हणजे व्हीओआरपासूनचं अंतर दाखवणाऱ्या उपकरणावर, १३ ते ३४ मैलांना अकरा मिनिटं लागली पाहिजेत. दहा लागली तर मागून वारा आहे, बारा लागली तर समोरून. हा एक हिशोब जमला की पुढचं अर्धं काम झालं.

४७ मैलांवर उतरायला लागा, मिनिटाला ५०० फुटांनी. मिक्श्चर हळूहळू पुढे. आणि आता मुंबई-ठाण्यात शिकणाऱ्याची हमखास होणारी चूक. सराव समुद्रसपाटीवर झालेला असतो, काट्यावर हजार म्हणजे जमिनीपासून हजार अशी सवय असते. लोहगावची उंची १,९४२ फूट आहे. काट्यावर हजार येण्याची वाट बघत बसलात तर तिथे विमान कधीच जमिनीखाली गेलेलं असेल. विमानतळाभोवतीची उंची काट्यावर ३,००० ठेवायची.

शांत हवेत धावपट्टी १० वर जवळजवळ सरळ जाता येतं. तीन मैलांवर २,९०० फूट, तिथून दर मैलाला ३०० फूट खाली. १० अंश फ्लॅप ८५ नॉटला, २० अंश ७५ ला, पूर्ण फ्लॅप आणि ६५ नॉट शेवटच्या मैलात. मिनिटाला किती उतरायचं ते वेगाला पाचने गुणून: ६५ ला सव्वातीनशे. वेग जास्त झाला तर विमान टेकत नाही, तरंगत जातं. तेव्हा जबरदस्तीने खाली दाबू नका, पुढचं चाक आधी आपटतं. पूर्ण ताकद देऊन पुन्हा वर जा.

दुसरं उड्डाण: जुलै

तोच मार्ग, वारा २७० वरून २० नॉट, दाब १००३, ढगांचा तळ ४,००० फूट आणि अधूनमधून मोकळं आकाश. १००३ म्हणजे २९.६२ इंच. काटा २९.९२ वरच राहिला तर तो पावणेतीनशे फूट जास्त दाखवतो, म्हणजे घाटावर आपण समजतो त्यापेक्षा तेवढे खाली असतो. चित्रात काहीच वेगळं दिसत नाही, आणि म्हणूनच ही चूक घातक आहे.

वारा उजवीकडून मागून येतो. आडवा भाग नऊ नॉट, मागून ढकलणारा अठरा. तेव्हा नाक ११७ वर न ठेवता १२१-१२२ वर ठेवा. जमिनीवरचा वेग १३० च्या थोडा वर जाईल आणि १३ ते ३४ मैलांना साडेनऊ मिनिटं लागतील. वेग जास्त म्हणून उतरणंही लवकर, ४५ मैलांवर. पुण्यात आता धावपट्टी २८. उत्तरेच्या बाजूने, म्हणजे धावपट्टी उजवीकडे ठेवून, १०० अंशांवर वाऱ्याच्या दिशेने समांतर जा. उतरण्याचं टोक बाजूला आलं की थ्रॉटल १,५०० आरपीएमवर, पहिला फ्लॅप, मग उजवीकडे १९० आणि पुन्हा उजवीकडे २८०. मागचा वारा समांतर भागात लवकर पुढे नेतो, म्हणून वळायला उशीर केला तर शेवटचा टप्पा लांबतो आणि समोरच्या वाऱ्यात विमान रेंगाळतं.

यापुढे

एप्रिलची दुपार लावा, पुण्यात ३८ अंश. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ च्या आसपास असतं. सत्तावीस अंशांचा फरक, दर अंशाला १२० फूट, म्हणजे हवा पाच हजार फुटांवरच्यासारखी विरळ. पूर्ण वजनाने उड्डाण करून धाव आणि चढणीचा दर लिहून ठेवा, मग डिसेंबरच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा.

फेल्युअर्सच्या पडद्यात इंजिन बंद पडण्यासाठी वीस ते तीस मिनिटांची खिडकी लावा आणि नेमकी वेळ खेळावर सोडा. ६८ नॉट, ट्रिम, मोकळी जागा, हा क्रम.

विमान हळूहळू पडू देऊन स्टॉल शिकायला हा खेळ चांगला आहे. स्पिन (स्टॉलनंतर गरगरत खाली पडणं) शिकायला मात्र तो वापरू नका, तिथलं त्याचं गणित कच्चं आहे. मोठ्या जेटमधून नियमाप्रमाणे आत-बाहेर जाण्याचे मार्ग शिकायचे असतील तरी तो कमी पडतो. त्याचा एटीसी ते मार्ग देत नाही.

सेस्नाने हात बसला की तेच ६७ मैल पायपर जे-३ कबने करा. ६५ अश्वशक्ती आणि जेमतेम ६५-७० नॉटचा वेग. व्हीओआरचा आधार घ्यायचा नाही, फक्त होकायंत्र, घड्याळ आणि मांडीवरचा कागद. शांत हवेत तासाभराचा प्रवास आहे. वारा पाच नॉटने बदलला तरी पोचायच्या वेळेत चार-पाच मिनिटांचा फरक पडतो. घाट चढायला कबला वेळ लागतो, म्हणून साडेपाच हजार फूट कर्जतच्या आधी गाठा. नाही गाठले तर खोऱ्यावरच एक गोल फेरी मारा, उंची पूर्ण करा आणि मगच कड्याकडे वळा.